दाबा म्हणतायत

“त्या शहाण्याला सांग, पेडलवर पाय ठेव म्हणावं.”

आवाज ट्रकखालून आला. खालच्या माणसाच्या फक्त भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. त्या तिच्या नवऱ्याच्या.

ती केबिनच्या उघड्या दाराशी उभी. वर स्टिअरिंगमागे तिचा धाकटा दीर. हात मांडीवर, नजर थेट समोरच्या काचेवर, फोटो काढायला बसल्यासारखा.

“भाऊजी, पेडलवर पाय ठेवायचाय.”

“ठेवलाय.”

ती वाकली. “ठेवलाय म्हणतायत.”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो.”

बहिरं कुणीच नव्हतं. टाचांपासून पेडलपर्यंत पुरतं दोन हातांचंही अंतर नव्हतं. पण एकमेकांचं ऐकलं असं कबूल केलं, तर बोलणं झाल्यासारखं झालं असतं. आणि बोलायचं तर नव्हतं.

*

का नव्हतं?

शेताची वाटणी झाली त्या दिवशी चार माणसांसमोर थोरला, तिचा नवरा, म्हणाला होता, “याला नीट मोजून द्या बाबा, नाहीतर मागाहून रडेल.” चार माणसं हसली. धाकटा उठला, चपला घातल्या, गेला. झालं. तिच्या लेकीचं लग्न होऊन नातू शाळेत जायला लागला, तरी तो उठला तो उठलाच.

जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, भांडीसुद्धा वाटली. ट्रक तेवढा मधोमध कापता येईना. मग एक आठवडा याचा, एक त्याचा. दर आठवड्याला धाकटा किल्ली घ्यायला अंगणात यायचा. पाणी प्यायचा, “वहिनी, गुडघा कसाय?” विचारायचा आणि जायचा.

आता ट्रकचा गिअर पडेना. क्लचचं पेडल दाबलं की चिखलात पाय गेल्यासारखं खाली, आणि गिअर टाकायला जावं तर दात खाल्ल्यासारखा करकराट. थोरल्याने भंगारवाल्याला निरोप धाडला होता. दुपारी येतो म्हणाला होता तो.

ट्रक गेला की किल्ली गेली. किल्ली गेली की भाऊजी कशाला येतील अंगणात? सकाळी चूल पेटवताना तिने नवऱ्याला एवढंच म्हटलं होतं, “भंगारवाला यायच्या आत एकदा खोलून तर बघा.”

*

सकाळपासूनचे निरोप. निघाले तसे, आणि पोचले तसे.

निघाला: “विचार त्याला, ऑइलच्या डबीत काय मुतलाय का?”
पोचला: “भाऊजी, डबीत ऑइल कुठलं घातलं होतं?”

निघाला: “ट्रॅक्टरचं. ब्रेक ऑइलचा डबा कुलपात ठेवतात, तिजोरी असल्यासारखा. मागायचा कुणाकडे? भिंतीकडे?”
पोचला: “ट्रॅक्टरचं म्हणतायत. डबा सापडला नाही.”

इतकी वर्षं हेच. कडू निघालेलं तिने वाटेत धुऊन, पुसून पोचवायचं. स्वयंपाकात तिचा हात कधी बसला नाही, सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या. यात मात्र बसला.

पण हा निरोप पोचल्यावर ट्रकखालची खटखट थांबली. मग थोरला सरपटत बाहेर आला. तळहातावर सिलिंडरमधलं रबर होतं, भिजलेल्या चण्यासारखं टम्म फुगलेलं.

“बघ. याच्या आठवड्यात हे ऑइल, माझ्या आठवड्यात ते. दोन्ही एकत्र चालत नाहीत. रबर फुगून बसलं.” आणि मग, बायकोकडे न बघता, “डबा कुलपात होता खरा.”

हे पोचवायचं होतं का, तिला कळेना. तिने नाही पोचवलं. धाकट्याने तोवर मोटरसायकलला किक मारली होती. तो गावातून नवी रबरं आणि कोरं ब्रेक ऑइल घेऊन आला, आणि पिशवी तिच्या हातात दिली.

वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, मधली नळी, सगळं धुतलं. नवी रबरं बसली. उरली नळीतली हवा काढायची.

*

हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचं निपल, हवा सोडायची बारकी तोटी, पान्याने उघडायचं. हवा बुडबुडत बाहेर. पेडल आपोआप तळाला जातं. तिथे ते धरून ठेवायचं. निपल बंद झाल्यावरच सोडायचं. आधी सोडलं तर पेडल उलटी हवा ओढून घेतं.

“दाब म्हणावं.”
“दाबा म्हणतायत.”
“दाबलं.”
“दाबलं म्हणतायत.”

निपल उघडलं. फस्स. पेडल खाली बुडालं.

“धर! धर म्हणावं!”
“धरा म्हण…”

तोवर पाय वर आलेला.

पुन्हा.

“दाबा म्हणतायत.”
“दाबलं म्हणतायत.”
फस्स.
“धरा…”

पुन्हा. पुन्हा. डबीतलं ऑइल उतरत चाललं, पेडल तसंच मऊ.

“सिलिंडर फुटका असणार,” खालून थोरला म्हणाला. आवाज दमला होता. “जाऊ दे. भंगारवाल्याला नेऊ दे.”

“काय होतंय पण?” तिने विचारलं.

“हवा राहते मधे. पायाचा जोर पोचतच नाही पुढे. मधली हवाच दबते नुसती.”

तिने खालच्या टाचांकडे पाहिलं, वरच्या पायाकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले आणि चालायला लागली.

“अगं, कुठे निघालीस?”

“बादल्या घासायच्यात.”

“आणि इथे कोण?”

“पाय त्यांचा, पाना तुमचा. माझं काय आहे इथे?”

“वहिनी!” वरून धाकटा ओरडला.

तिने मागे पाहिलं नाही.

*

नळावर ती पाठ करून बसली. बादली घासली. स्वच्छ झालेली बादली परत घासली.

फाटकाशी टेम्पो थांबला. भंगारवाला उतरला, पान चघळत आला आणि लांबूनच टायर मोजल्यासारखं करत म्हणाला, “बाई, हाच का तो?”

“श्श.”

“का हो? कुणी झोपलंय?”

“श्श म्हणते ना.”

नळ थेंब थेंब गळत होता. तिने तो आवळला. मागे पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज. आता बाहेर येतील. आता दार आपटेल आणि भाऊजी निघून…

“दाब.”

तिचा हात बादलीत थांबला.

काही नाही. काही नाही.

“…दाबलं.”

फस्स.

“धर!”

“धरलं.”

“धर हं. धर. हां. सोड.”

“सोडलं.”

“दाब.”

“दाबलं.”

“येतंय का वर?”

“थोडं येतंय.”

“थोडं म्हणजे? नीट सांग की लेका.”

“अर्ध्यावर लागतंय! तुम्ही उघडा ना निपल!”

भंगारवाला तिच्याकडे बघून म्हणाला, “भांडण चाललंय का?”

ती हसत होती की काय, तिचं तिलाच कळलं नाही. डोळ्यांत राखेचं पाणी गेलं होतं.

*

इंजिन चालू झालं. गिअर पडला, न कुरकुरता. ट्रक हातभर पुढे सरकला आणि थांबला.

थोरला खालून कधीच निघाला होता. आता दुसऱ्या बाजूच्या दाराची मूठ धरून झटत होता. हात ऑइलने माखलेले, मूठ निसटत होती. आतून धाकटा सीटवर आडवा झाला आणि त्याने दार उघडलं. काही म्हणाला नाही. थोरला चढला.

भंगारवाल्याला आपला टेम्पो फाटकातून मागे घ्यावा लागला.

ट्रक चढाच्या रस्त्याला लागला. मागच्या चौकोनी काचेत दोन डोकी दिसत होती. डावं काहीतरी बोललं. उजवं जोरात हललं, नकारार्थी. मग डावं पुन्हा बोललं, बराच वेळ.

“आता हे काय बोलतायत?” भंगारवाला चिडून म्हणाला. “विकणार आहेत की नाही? काय ठरलं त्यांचं?”

तिने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. गुडघा जरा दुखला.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “आले की त्यांनाच विचारा.”