पाठ नसलेला रस्ता

"भाऊ, नाही म्हणालास तर तुझ्या दारात हॉर्न वाजवत बसेन!" डेपोतला मेकॅनिक म्हणाला. त्याला सगळे पाना म्हणत. पुढे लागून तीन दिवस सुट्टी होती, तिघा मित्रांच्या रजा चक्क एकदम मंजूर झाल्या होत्या, आणि तासाभरापूर्वी पान्याच्या डोक्यात मोटरसायकलने धरण बघायला जायचं खूळ शिरलं होतं.

भाऊ सव्वीस वर्षं सात नंबरची बस चालवत होता. त्याने सबबींचा पाढाच वाचला. पाऊस येईल, बायकोला बरं नाही, गाडीचं टायर गुळगुळीत झालंय. पान्याने उभ्या उभ्या टायर बदललं आणि भाऊच्या बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "न्या हो त्यांना! सुट्टीला घरी असले की स्वयंपाकघरात नाक खुपसतात."

खरं कारण भाऊने कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून त्याला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. गुपचूप बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन, नस सुकत चाललीय, चष्म्याचा उपयोग नाही, हे तो ऐकून आला होता. सात नंबरचा रस्ता त्याला खड्ड्यांसकट तोंडपाठ होता, त्यामुळे निभावून जात होतं. निदान तो तशी स्वतःची समजूत घालत होता. पण अनोळखी रस्त्यावर बिंग फुटणार! त्यात मंगळवारी डेपोत डोळ्यांची वार्षिक तपासणी. ड्रायव्हरची सीट गेली तर आपण उरतो कोण, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

तरी निघाला. नाही म्हणायचा धीर कधी नव्हताच त्याला. मागे बसला मास्तर, म्हणजे अठरा वर्षं त्याच्याच बसवर असलेला कंडक्टर. पाना आपल्या गाडीवर पुढे सुसाट.

पहिला दिवस झकास गेला. वाटेत कुठे थांब्यावर माणसं दिसली की भाऊचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एका ठिकाणी तर तो चक्क थांबलाच. एक आजीबाई पिशवी उचलून पुढे आल्या.

"आजी, जागा नाही! मागून येतेय दुसरी," मास्तर सवयीने ओरडला. तिघे पोट धरधरून हसले. आजीबाई काही हसल्या नाहीत. उगाच घाबरलो, असं भाऊला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मास्तरने त्याच्या पाठीवर एकच थाप मारली. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. भाऊने काही विचार न करता करकचून ब्रेक दाबला. डाव्या बाजूने रस्त्यावर आलेला खडीचा ढीग हँडलपासून हातभर अंतरावर होता. मान वळवल्यावर कुठे तो त्याला दिसला.

"दिसला नाही ना?" मास्तरने हळूच विचारलं.

"ऊन डोळ्यांवर आलं रे."

"ऊन पाठीमागे आहे, भाऊ."

भाऊने गाडी बाजूला लावली.

"शाळेच्या वळणाआधी मी एक घंटी जादा देतो. का देतो, कधी विचारलंस? सात महिने देतोय."

भाऊचं डोकंच फिरलं. "माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगेल. माझंही चुकलंच. चाळीस माणसं असायची रे आत."

चाळीस माणसं! भाऊ त्या खडीच्या ढिगावरच बसला. शाळेची पोरं दप्तरं सांभाळत धावत यायची आणि तो दार उघडं ठेवून थांबायचा, त्याचा त्याला केवढा अभिमान. आणि त्याच पोरांना घेऊन तो अंदाजाने वळण घेत होता. त्याला भयंकर लाज वाटली. मग उठून त्याने किल्ली मास्तरच्या हातात दिली.

"धर."

"अरे, मला कुठे येते? बायकोची स्कूटर तेवढी चालवलीय, तीही गल्लीत."

"मी शिकवतो. बस पुढे."

गाडी तीनदा बंद पडली. "क्लच हळू सोड, तिकीट फाडतोयस का?" भाऊ मागून ओरडला. गाडी मागे दिसेना म्हणून पाना परत आला. ही उलटी वरात बघून त्याने तोंड उघडलं, पण भाऊने स्वतःच सगळं सांगितलं. एरवी तोंडाळ असलेल्या पान्याने थट्टा न करता गाडी वळवली. मग म्हणाला, "मी पुढून हळू चालवतो. या मागोमाग."

धरणाच्या अलीकडे एका झाडाखाली मास्तर दमून थांबला. भाऊने गाडीवर बसल्या बसल्या बायकोला फोन लावला आणि डोळ्याचं सांगून टाकलं.

"मंगळवारी तपासणीच्या आधीच साहेबांना सांगणार आहे. बस सोडतो मी."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. "वर्षभर? आणि मला आज सांगता? या घरी, बघते तुमच्याकडे."

"या म्हणालीस ना, बरं वाटलं."

"गाडी कोण चालवतंय आता?"

"मास्तर."

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसलोय," भाऊ म्हणाला. "इथे झाडं केवढी उंच आहेत गं. अगदी शेंड्यापर्यंत बघतोय."