पट्टीखालची भेग

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्या हँडलला एक भेग पडली होती आणि बरेच दिवस ती फक्त मला माहीत होती.

माझा सांगाडा कार्बनचा, काळा आणि हलका. हँडल मात्र ॲल्युमिनियमचं. कारखान्यात त्यावर घट्ट पट्टी गुंडाळली गेली आणि तेव्हापासून त्या धातूने उजेड पाहिला नाही. माझे पहिले मालक दुबईतल्या अल बर्शाचे हेमचंद्र. त्यांनी मला दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं. पाहुणे कौतुक करत आणि मी धूळ खात असे. मग शारजातल्या रोल्ला भागातल्या साजिदाने मला विकत घेतलं. साजिदा मूळची रत्नागिरीकडची, इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत ती करते. तिने मला एक दिवसही भिंतीवर टांगलं नाही.

जपानमधल्या एका बेटावरच्या शर्यतीसाठी ती कित्येक वर्षं अर्ज करत होती. तिथे चिठ्ठ्या टाकून नावं निवडतात. या वर्षी तिचं नाव निघालं.

त्या बेटावर दमट उकाडा असतो. म्हणून तिने मला आतल्या खोलीत स्टँडवर बसवलं, एसी मुद्दाम बंद केला आणि रोज शाळेआधी पेडल मारायला लागली. शरीराला उकाड्याची सवय व्हावी, हा हिशेब. तो बरोबरच होता. पण तिच्या कपाळावरून, कोपरांवरून घाम माझ्या हँडलवर ठिबकत असे. ती चेहरा पुसायची, फरशी पुसायची. मला पुसायचं राहून जायचं. पट्टी घाम पीत राहिली. मीठ आत उतरलं आणि धातूला खायला लागलं. पट्टी मळली, तेव्हा साजिदाने घाईत तिच्यावरच नवी पांढरी पट्टी गुंडाळली. मी नवीकोरी दिसू लागले. सायकलिंगच्या ग्रुपवर माझा फोटो गेला, वाहवा झाली.

आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. आम्ही फक्त करकरतो. मी करकरले. साजिदाने ग्रुपवर विचारलं, तर कुणीतरी सीटला ग्रीस लावायला सांगितलं. तिने लावलं. मी पुन्हा करकरले. तिने कानातल्या गाण्याचा आवाज वाढवला.

शेवटच्या सरावाला तिने मला हत्ताच्या डोंगरात नेलं. उतारावर ती हँडलवर कोपरं टेकून पुढे झुकली. सगळा भार कोपरांवर, म्हणजे त्या भेगेवर. शेजारून ट्रेलर जात होते. वळणावर ब्रेक दाबला की भेग उघडायची, सोडला की मिटायची. मी सगळा जीव तिथे गोळा केला होता. पायथ्याशी पोहोचल्यावर तिने मला थोपटलं, पण त्या थोपटण्याचं मला सुख झालं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटोपून तिचा नवरा हमीद सामान बांधायला बसला. हमीद दुबईच्या देरा भागातल्या एका कार्गो ऑफिसात आहे आणि खोकं भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. गावी जाणारं प्रत्येक खोकं तो स्वतः भरतो, काट्यावर तोलतो आणि वजन जास्त झालं तर बिस्किटांची वेष्टणंसुद्धा सोलतो, पण वस्तू मागे ठेवत नाही. माझंही खोकं त्याने तोललं. ते थोडं जास्त भरलं.

"साजिदा, तू एवढी वाळलीस," तो म्हणाला, "आणि हिचं वजन काही उतरेना."

अवजारं दुसऱ्या बॅगेत गेली, पंपही गेला. मग त्याचं लक्ष माझ्या हँडलकडे गेलं. एकावर एक दोन पट्ट्या! खालची उगाच कशाला विमानाने न्यायची, असं पुटपुटत त्याने दोन्ही सोडवल्या.

फरशीवर पांढरी भुकटी सांडली. साजिदाने ती बोटावर घेतली. ती काय आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं; मिठाने धातू कसा गंजतो, हे वर्गात दर वर्षी तीच शिकवते. तिने ओल्या फडक्याने धातू पुसला. आधी खड्डे दिसले, मग त्या खड्ड्यांमधून जाणारी बारीक रेघ.

विमान पहाटेचं होतं. पुढे झुकून कोपर टेकायचं असं हँडल ऐन वेळी मिळत नाही. साध्या हँडलवर समुद्राचा वारा सरळ छातीवर येतो आणि वेग पडतो. सायकलचा टप्पा ठरल्या वेळेत संपला नाही, तर तिथेच थांबवतात, पुढे धावू देत नाहीत.

"मम्मी, जस्ट टेप इट," मुलगी अलिशा म्हणाली. "इट्स ओन्ली वन रेस."

हमीदने खोक्याची चिकटपट्टी उचललीसुद्धा. "एवढे दिवस धरलंय गो त्याने," तो हळूच म्हणाला. "आणखी एक दिवस धरेल, इन्शाल्ला."

साजिदाने ब्रेकच्या तारा सोडवल्या, हँडल बाहेर काढलं, एक टोक न्हाणीघराच्या उंबऱ्यावर टेकवलं आणि मधोमध पाय ठेवला. मित्रांनो, मला तुटण्याची भीती नव्हती. न तुटण्याची होती. ते टिकलं असतं, तर ती त्याच्यावर भरवसा ठेवून गेली असती.

ती हळूहळू भार देत गेली. टक असा आवाज झाला, फार मोठाही नाही, आणि हँडलचे दोन तुकडे झाले.

"हत्ताला मी याच्यावर ओणवी होते," साजिदा म्हणाली.

हमीद खोक्यावरच बसला. अलिशाने आईची बाही घट्ट धरली.

संध्याकाळी रोल्लातल्या एका दुकानात साधं हँडल मिळालं. मापाचं, मजबूत, पण संथ. ते घेऊनच आम्ही निघालो.

आता मी त्या बेटावर, समुद्राकाठच्या लोखंडी दांडीला इतर सायकलींच्या रांगेत टांगलेली आहे. शर्यत उद्या आहे. मघाशी साजिदाने मला ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने. मित्रांनो, तुमच्या घरातल्या मुक्या वस्तूंवर नवं काही चढवण्याआधी जुनं सोडून एकदा आत पाहा. आम्ही खराब होतो ते बहुधा झाकलेल्या जागी.

उद्या वारा कसा असेल, साजिदा वेळेत पोहोचेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तिला ठाऊक नाही असं आता माझ्यात काहीच उरलेलं नाही.