साक्रीच्या रस्त्यावर तुटलेला पट्टा

मित्रांनो, मोटारीचं बॉनेट उघडलं तरी मी दिसत नाही. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक काळं झाकण असतं, त्याच्याआड माझं आयुष्य गेलं. मला टायमिंग पट्टा म्हणतात. आज मी तुटलेला आहे. माझी हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे, पण गोड शब्दांत सांगता येईल असं वाटत नाही.

कारखान्यात काळ्या रबरात चिवट दोऱ्यांचे पदर घालून मला घडवलं. आतल्या अंगाला दाते पाडले. इंजिनाच्या खालच्या चाकाची फिरकी वरच्या चाकाला पोचवायची आणि इंजिनाच्या झडपा नेमक्या वेळी उघडायच्या, मिटायच्या, हे माझं काम. त्यात मी कधी चूक केली नाही. १९८८ साली मी एका पांढऱ्या गाडीत बसून जळगावजवळच्या असोद्याला आलो. गाडीचा मालक रुपचंद चौधरी, केळीचा मोठा बागायतदार.

रुपचंदाला गाडी चालवायची नव्हती, दाखवायची होती. ड्रायव्हर पुना रोज सकाळी ती धुवायचा आणि रुपचंद ओट्यावर बसून कुठे डाग राहिला ते बोटानं दाखवायचा. खिडक्यांना झालरीचे पडदे लागले. बॉनेटवर शोभेचा मोर बसला. जळगावच्या बाजारात गाडी उभी केली की तिला टेकून तो चहा प्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचा. झाकणाआडून हे सगळं ऐकताना मला त्या माणसाची कीव यायची. पुढे कीवही येईनाशी झाली.

माझ्या शेजारी फॅनबेल्ट होता. त्याचं काम बॅटरी चार्ज करायचं आणि पाणी फिरवायचं. थोडा सैल झाला की लागला किंचाळायला. थंडीच्या सकाळी तर पुरी गल्ली जागी करायचा. लोकांसमोर गाडी ओरडते म्हणून रुपचंदाची मान खाली जायची, मग तो लगेच नवा फॅनबेल्ट घालायचा. असे कितीतरी फॅनबेल्ट माझ्यासमोर आले आणि गेले. मी मात्र एकटाच होतो. मला आवाज नव्हता, म्हणून मला वयही नाही असं त्या घरानं ठरवून टाकलं.

एकदा इंजिनाच्या पुढून तेल गळू लागलं. जळगावच्या चुडामण मिस्तरीनं माझं झाकण उघडलं. मी तेलानं माखलो होतो. त्यानं मला बोटांत धरून वाकवलं, तेव्हा पाठीवरच्या भेगा उघड्या पडल्या.

"रुपचंदभाऊ, पट्टा संपला आहे," चुडामण म्हणाला. "सगळं खोललंच आहे, तर बदलून टाकू."

"तुटला का तो?" रुपचंदानं विचारलं.

"तुटला नाही. पण हा तुटायच्या आधीच बदलायचा असतो. तुटल्यावर गाडी जिथं असेल तिथं बंद पडते."

"चालू पट्टा कशाले बदलाचा? तुम्हा लोकायले खोललं का काहीतरी नवं घालाचंच सुचते. बसव तोच. आन् मले तो गाणं वाजणारा हॉर्न दाखव."

चुडामणनं खांदे उडवले आणि मलाच परत चढवलं. पुना तिथंच उभा होता. रोज गाडी चालवणारा माणूस, त्यानं माझ्या भेगा पाहिल्या होत्या. मालकापुढे एक शब्द बोलायचा, तर तो हातातलं फडकं पिळत राहिला. मित्रांनो, रुपचंदाचा मला तिटकारा होता, पण त्या क्षणी पुना माझ्या मनातून जास्त उतरला.

रुपचंदाची मुलगी बेबाबाई लांब, साक्रीच्या पुढे पिंपळनेरला दिली होती. तिला आठवा महिना लागला आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. रुपचंदाची बायको शेवंताबाई सोबत यायला निघाली होती. "गाडीत जागा नाही," म्हणून त्यानं तिला घरीच ठेवलं, कारण मागची सीट केळीच्या घडांनी आणि मिठाईच्या खोक्यांनी भरायची होती. व्याह्यांच्या दारात ते सगळं उतरवताना हॉर्नवर गाणं वाजलं, ते मी ऐकलं.

परतताना रस्ता खराब होता. पिंपळनेर मागे पडल्यावर थोड्याच वेळात बेबाबाई कण्हू लागली.

"आबा, माझ्या पोटात कळा येऊ ऱ्हायल्या."

"पुना, दाब गाडी," रुपचंद म्हणाला.

पुनानं गाडी दाबली. मी जिवाच्या आकांतानं टिकून राहिलो, असं मला सांगता आलं असतं. ते खोटं होईल. रबराला मनानं टिकता येत नाही. साक्रीच्या अलीकडे एका चढावर माझे दोरे एकामागोमाग उसवले आणि मी तुटलो. इंजिन तत्क्षणी गप्प झालं. पुना चावी फिरवत राहिला, इंजिन नुसतं गरगरत राहिलं. रुपचंद खाली उतरून बॉनेटवर थापा मारू लागला.

शेजारच्या भुईमुगात निंदणी चालली होती. तिथून मोगराबाई नावाची वयस्क बाई धावत आली. तिनं आत डोकावून पाहिलं.

"गाडीना नाद सोडा, भाऊ," ती म्हणाली. "पोरले सावलीमा आना."

बांधावरच्या कडुलिंबाखाली बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. बेबाबाई रडत होती आणि मोगराबाई आपण जवळच असल्याचा धीर देत पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होती, "घाबरू नको माय, मी शे ना आठे." पुना रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाडी मिळते का पाहत होता. मग बेबाबाईचा आवाज थांबला, आणि दुसरा कुठलाच आवाज आला नाही. बाळ रडत नव्हतं.

मी आयुष्यभर वेळ पाळली होती. एवढी लांब वेळ मी कधी अनुभवली नव्हती.

मोगराबाईनं बाळाचं तोंड बोटानं साफ केलं, त्याला पालथं धरलं, पाठ चोळत राहिली. शेवटी मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला.

"आंडेर शे," मोगराबाई म्हणाली. मुलगी झाली होती.

इतक्यात एसटी आली. ड्रायव्हरनं मागचं लांब बाकडं रिकामं करायला लावलं आणि मायलेकींना साक्रीच्या दवाखान्यात पोचवलं. दोघी वाचल्या. गाडीला ट्रॅक्टरनं ओढत नेलं. साक्रीच्या मिस्तरीनं नवा पट्टा बसवला आणि मला डिकीत फेकलं.

बेबाबाईला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा रुपचंदानं घरचा रस्ता धरला नाही. ओल्या बाळंतिणीला घेऊन तो मुद्दाम उलटा, त्या चढावर गेला. हार आणि नारळ आणला होता. जमलेल्या लोकांना तो मोठ्यानं सांगू लागला, "देवानंच गाडी आठी थांबवली. नात इथंच व्हायची होती."

बेबाबाई बाळाला घेऊन खाली उतरली.

"देव कशाले थांबवीन, आबा?" ती शांतपणे म्हणाली. "गाडी तुम्ही थांबवली. मिस्तरीनं सांगलं होतं. दवाखान्यात पुनाभाऊनं मले सारं सांगलं, अन् आपण गप ऱ्हायलो म्हणून रडला. हात जोडायचे असतीन तं त्या बाईले जोडा."

रुपचंदानं हातातला नारळ बॉनेटवर ठेवला. मग धोतर सावरत बांध उतरून भुईमुगात निंदणाऱ्या मोगराबाईकडे गेला. तिथं काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा तो खाली मान घालून गाडीत बसला. एवढ्यावर मी त्याला माफ केलं असं समजू नका.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे माया मागतात, जपा म्हणतात. मी तसं मागत नाही. मला हार नको, कौतुक नको, पुसणंही नको. माझी मुदत भरली की मी धडधाकट दिसत असतानाच मला काढा आणि फेकून द्या. माझी तेवढीच काळजी घ्यायची असते, आणि रुपचंदाला तेवढीही घेता आली नाही.