बार्रेसीच्या घरचा रस्सा

तिसरी काडीही विझली. गास्पारेने ती सिंकमध्ये टाकली आणि चौथी काढली. संसाराला चाळीस वर्षे होत आली, पण ही शेगडी त्याने एकदाही पेटवली नव्हती. आधी कोणती कळ फिरवायची, हेच त्याला ठाऊक नव्हते.

"काका, काय करताय?" दारातून इग्नात्सिओ म्हणाला. "काल काकूंना पुरलं आणि आज शेगडी? अख्खं ब्रुकलिन तोंडात शेण घालेल."

"भूक लागलीय."

"मग हे काय आणलंय मी?"

टेबलावर तांब्याचे मोठे पातेले होते. वर पांढरे फडके, शेजारी पाव. आत कोंबडीचा रस्सा. गास्पारेने ते दोनदा उचलून बाहेर जिन्यावर ठेवले होते आणि इग्नात्सिओने दोनदा आत आणले होते.

मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. जेवण शेजाऱ्यांकडून, नातलगांकडून येते. आणि ज्याचे अन्न त्या तीन दिवसांत घशाखाली उतरले, त्याच्याशी त्या घराचे भांडण उरत नाही. सिसिलीहून आलेल्या त्या गल्लीत हे कुणाला सांगावे लागत नसे. डॉन कालोजेरो बार्रेसीलाही नाही. पातेले त्याच्या घरून, त्याच्याकडे काम करणाऱ्या इग्नात्सिओच्या हातून आले होते.

"नीट ऐका," इग्नात्सिओने हॅट मांडीवर ठेवली आणि तो खुर्चीवर बसला. "रविवारी लग्न आहे. आमच्या साहेबांची मुलगी, हार्लेमच्या स्काल्झोचा मुलगा. वीस वर्षं एकमेकांची माणसं मारली, आता व्याही होतायत. म्हाताऱ्या स्काल्झोची एकच अट आहे. म्हणतो, लिबोरिओ माझा माणूस होता. त्याच्या बहिणीच्या घरात तुमचं अन्न खाल्लं गेलं असं मला कळू दे, मग मी चर्चची पायरी चढतो."

"बहीण मेली."

"म्हणून तर आलो. ती जिवंत असताना कुणाची छाती होती इथे यायची?"

गास्पारेला हसू आले. नुन्झिया गेल्यापासून पहिल्यांदाच.

लिबोरिओ तिचा धाकटा भाऊ. स्काल्झोच्या बर्फाची गाडी चालवायचा. चौतीस साली बार्रेसीच्या माणसांनी त्याला बर्फाच्या कारखान्यामागे गोळ्या घातल्या. तो चोवीस वर्षांचा होता. त्यानंतरची अठरा वर्षे नुन्झिया पावासाठी दोन गल्ल्या लांब चालत गेली, कारण कोपऱ्यावरची बेकरी बार्रेसीची होती. पावसात गेली, बर्फात गेली, शेवटी शेवटी भिंतीला धरत गेली.

"चार घास, काका. जास्त नको. नाहीतर सोमवारी मासळीबाजारात तुमचा गाळा तुमचा असेल की नाही, मला सांगता येणार नाही."

"नको सांगू," गास्पारे म्हणाला आणि त्याने दुसरी कळ फिरवली. भक्कन जाळ झाला. त्याने हात मागे घेतला. मनगटावरचे केस जळाल्याचा वास आला.

समोरच्या खिडकीतून म्हातारी निन्फा ओरडली, "अरे गास्पारे, शेगडी! काही लाज?"

"शेगडी पेटलेल्या घरात बाहेरचं अन्न लागत नाही, निन्फामावशी," तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. खिडकी धाडकन बंद झाली.

जिन्यावर पावले वाजली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत. इग्नात्सिओ ताडकन उभा राहिला.

बार्रेसीची बायको आत आली. काळा कोट, काळे हातमोजे. पिएत्रा आणि नुन्झिया एकाच गावच्या, एकाच बोटीने अमेरिकेला आलेल्या. अठरा वर्षे दर रविवारी एकाच चर्चमध्ये बसूनही एकमेकींशी न बोललेल्या.

"इग्नात्सिओ, बाहेर थांब."

तो गेला. ती उभीच राहिली.

"खाली गाडीत बसलेत ते," ती म्हणाली. "तू चार घास खाईपर्यंत मी वर बसायचं, असं सांगितलंय."

"मग मुक्कामच करावा लागेल, डोन्ना पिएत्रा."

त्याने तव्यात तेल ओतले, लसूण टाकला. ऑगस्टमध्ये नुन्झियाने भरून ठेवलेली टोमॅटोची बरणी उघडायला त्याला वेळ लागला. तोवर लसूण काळा झाला. तरी त्याने त्यात टोमॅटो ओतला आणि वर तीन अंडी फोडली. एकाचे कवच आत पडले ते बोटाने काढले.

"लिबोरिओच्या वेळीही तुमच्या घरचा रस्सा आला होता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिने तो या जिन्यावरून फेकला. तीन मजले ओघळला. आता तिचं तोंड बंद झालं, म्हणून मी माझं उघडायचं?"

"तो आमच्या घरचा नव्हता," पिएत्रा म्हणाली. "माझा होता."

त्याचा हात थांबला.

"ह्यांना न विचारता केला होता. गुपचूप आणून दाराशी ठेवला. तिला काय कळणार, भांडं बार्रेसींचं होतं. फेकलं तिने. मी तिच्या जागी असते तर मीही फेकलं असतं." ती डाव्या मनगटावर उजवा हात ठेवून बोलत होती. ते मनगट थोडे वाकडे होते. "पोचे पडलेलं भांडं घरी नेलं, ते ह्यांनी पाहिलं. झाकण तेवढं मिळालं नाही. सगळा जिना शोधला मी. निळं होतं."

तव्यावर ठेवायला गास्पारेने झाकण उचलले होते. निळे, एका बाजूला टवका उडालेले. नुन्झियाच्या एकाही भांड्यावर ते नीट बसत नसे. फेकून दे, असे तो कितीदा म्हणाला असेल. राहू दे, म्हणायची आणि घासून पुन्हा खुंटीला लावायची.

त्याने ते टेबलावर, पिएत्रासमोर ठेवले.

मग तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि टवक्यावरून बोट फिरवले.

"आणि हा?" गास्पारेने तांब्याच्या पातेल्याकडे मान वळवली.

"हा ह्यांच्या क्लबातल्या आचाऱ्याचा. मी फडकंसुद्धा उचललं नाही."

गास्पारेने पातेले उचलले आणि तिसऱ्यांदा दाराबाहेर नेले.

"दोन्ही हातांनी धर," तो इग्नात्सिओला म्हणाला. "सांडू नकोस. जिना पुसायला आता ती नाही."

खाली हॉर्न वाजला. इग्नात्सिओने पातेले सांभाळत दारातून आत डोके घातले.

"डोन्ना पिएत्रा, साहेब बोलावतायत. काय सांगू? खाल्लं का काकांनी?"

पिएत्राने दुसराही मोजा काढला. दोन्ही मोजे कोटाच्या खिशात ठेवले आणि खुर्ची ओढली. ती नुन्झियाची खुर्ची होती.

"सांग, मी जेवायला बसलेय."

इग्नात्सिओने डोके मागे घेतले. त्याची पावले जिना उतरू लागली, भरल्या पातेल्याच्या वजनाने जड. मजल्यामजल्यावर दारे किलकिली झाल्याचे वर ऐकू येत होते. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"लसूण जाळलास, गास्पारे."

"हो."

"तिने डावाने हात फोडला असता तुझा."

"हो, पिएत्रा."

तिने ताट पुढे केले.

"वाढ."