धाकटीची काटेरी जाळी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या लाँड्रीत कपडे टाकणाऱ्या कुणालाही विचारा. डाग निघाला नाही तर मी डागालाही शिव्या घालते. तेव्हा हॉटेलची नवीकोरी चादर टर्रकन फाटली त्या दिवशी माझं तोंड कसं सुटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

चादर वाऱ्याने उडून मागच्या कोपऱ्यातल्या जाळीत अडकली होती. ब्लॅकबेरीची जाळी, वाकड्या काट्यांची. लावली होती माझ्या धाकट्या जावेने. दीर गेल्यापासून धाकटी इस्त्री करायची, चार घास खायची, पण बोलायची नाही. मग एकदा आपणहून म्हणाली, "जाऊबाई, मागचा कोपरा मला द्याल? पाखरांना घरटी करायला काटेरी झुडूप लावते. आत मांजर शिरत नाही."

"अगं, लोक गुलाब लावतात!" मी म्हटलं. पण इतक्या महिन्यांनी ती काहीतरी मागत होती. दुकानाची किल्ली मागितली असती तरी दिली असती.

आणि आता ही फाटकी चादर. "धंदा करायचा की काटे पाळायचे? इथे एकतर ती जाळी राहील, नाहीतर माझ्या चादरी!"

"बरं," एवढंच म्हणाली धाकटी. भांडली असती तर परवडलं असतं. भांडण मला जमतं.

दुपारी तिच्या खोलीत गेले, तर पलंगावर बॅग भरलेली. सगळ्यात वर दिराचा स्वेटर. खिडकीतून पाहिलं, तर बाई कोपऱ्यात, हातात मोठी कात्री. जाळी तोडायची आणि माहेरी निघून जायचं, असं मनाशी ठरवूनच बसली होती.

मी धावत सुटले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची. "खबरदार हात लावलास तर!"

"नाही लावला," ती म्हणाली. "हातच उठेना. आत बघा."

मी वाकले. काट्यांच्या पार पोटात वाटीएवढं घरटं, त्यात एक तपकिरी पाखरू बसलेलं. आम्ही दोघी डोक्यावर उभ्या, पण पठ्ठी जागची हलेना. आणि घरट्याच्या काठाला गुंफलेले पांढरे दोरे. आमच्याच चादरींचे!

"चोर कुठली!" मी म्हटलं.

धाकटी हसली. दीर गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडायलाच लागली, आणि मीही.

"माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस गं," मी म्हटलं. "तू गेलीस तर मी भांडू कुणाशी? हे तर बहिऱ्याचं सोंग घेऊन बसतात. मला तू हवी आहेस."

ती खोलीत गेली. बॅग पलंगाखाली सरकवली, बस्स.

ह्यांनी त्याच दिवशी कपड्यांची दोरी पुढच्या बाजूला बांधली. आता गिऱ्हाईक चादरींखालून वाकून आत येतं. शेजारचं मांजर जाळीभोवती घिरट्या घालायचं, नाकाला काटा टोचला की माझ्याकडे बघून म्यँव करायचं. "भोग आपल्या कर्माची फळं," मी म्हणायचे. पण झाडताना झाडू त्या बॅगेला लागला की माझा जीव खालीवर व्हायचा. विचारायची छाती नव्हती. मूग गिळून गप्प बसले, मी!

पिल्लं उडून गेली. काळीभोर फळं आली, पाखरांनी आणि आम्ही वाटून खाल्ली. आता हिला थांबायला काय उरलं, या काळजीत मी, तोच एका सकाळी धाकटी पुन्हा कात्री घेऊन कोपऱ्यात.

"तोडतेस?" मी विचारलं.

"फळं येऊन गेलेल्या फांद्या तेवढ्या. आता घरटं रिकामं आहे ना." कोवळ्या फांद्या तिने जपून बाजूला बांधल्या. "पुढच्या वर्षी यांना फळं येतील. जाऊबाई, पुढच्या वर्षी जाळी त्या भिंतीपर्यंत नेऊ या?"

पुढच्या वर्षी! मी त्या काट्यांना चक्क हात जोडले. बाबांनो, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

"ने की! दुकानावर चढव!" मी ओरडले. "आणि ती बॅग तू रिकामी करतेस की मी करू?"

"ती होय? कधीच केली," धाकटी म्हणाली. "त्यात बागेचे हातमोजे आहेत. एक जोड तुमचाही आहे. या, धरा इथे."