टाकीवरचं साल

टेबर क्रीकच्या पाण्याच्या टाकीला पंधरा वर्षांनी एकदा रंग लागतो आणि प्रत्येक रंगापायी गावात भांडण लागतं. मागच्या खेपेला निळा कोणता घ्यायचा यावरून दोन चुलतभावांचं बोलणं तुटलं, ते अजून तुटलेलंच आहे. जो निळा लागला तो दोघांनाही आवडला नव्हता.

या खेपेला प्रश्न सालाचा होता. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघानं राज्याचं अजिंक्यपद दोनदा जिंकलं, १९७९ साली आणि २००४ साली. टाकीवर 'आमचा सर्वांत भारी संघ' असं लिहून खाली साल टाकायचं ठरलं. दोन्ही सालं टाका असं सुचवणारे एकटे चर्चचे फादर निघाले. त्यांना नेब्रास्कात येऊन चारच वर्षं झाली होती, म्हणून त्यांना कुणी काही बोललं नाही.

"आकडे काय म्हणतात ते बघू," शाळेच्या पाठीराख्या मंडळाची अध्यक्ष जनेल पोकोर्नी म्हणाली आणि व्हर्लिन दोलेझालच्या दारात येऊन उभी राहिली.

व्हर्लिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आठवडाभर तो धान्याच्या सहकारी कोठारात काट्यावर बसून लोकांच्या मक्याचं वजन करायचा, आणि शुक्रवारच्या सामन्यांना मैदानातल्या गॅलरीच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून त्यांच्या पोरांचं. कोण किती यार्ड पळालं, कुणी कुणाला पाडलं, चेंडू कुणाच्या हातून सुटला. एक्केचाळीस हंगाम, एक्केचाळीस हिरव्या वह्या. गावात लोक बायकोचा वाढदिवस विसरत, पण स्वतःचे यार्ड विसरत नसत. आणि विसरले किंवा फुगवले, तर व्हर्लिन होताच. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी भाषणात आपले यार्ड सांगितले, तेव्हा मागच्या टेबलावरून याचा आवाज आला होता, "चौदा कमी करा."

"मिस्टर दोलेझाल, तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही," जनेल म्हणाली.

"आणि तुझ्यावर?"

"माझा नवरा दोन हजार चारचा कप्तान. माझ्यावर मी स्वतःच घेते. रविवारी दुपारी शाळेच्या जेवणघरात सभा आहे. रंगारी सोमवारी येतोय."

काम सोपं निघालं. दोन्ही संघ बारापैकी बारा सामने जिंकलेले. एकोणऐंशीनं केले पाचशे सहा गुण, दिले बावन्न. दोन हजार चारनं केले चारशे दोन, दिले सहासष्ट. म्हणजे एकोणऐंशी सामन्यामागे जवळजवळ अडतीस गुणांनी वरचढ, दोन हजार चार अठ्ठावीस गुणांनी. दहाचा फरक. कॉफीचा कप संपायच्या आत टाकी रंगली असती.

पण वजनकाट्यावरच्या माणसाची एक खोड असते. ट्रक उतरवून झाला की तो रिकामा ट्रकही तोलतो. व्हर्लिननं सामने दोन भागांत तोडले. मध्यंतरापर्यंतचा एक, नंतरचा दुसरा.

मध्यंतरापर्यंत दोन हजार चारची आघाडी सामन्यामागे साडेचोवीस. एकोणऐंशीची बावीस.

त्यानं तीनदा मोजलं. मग दुसऱ्या भागाकडे पाहिलं. दोन हजार चारच्या पोरांनी मध्यंतरानंतर बारा सामन्यांत मिळून चौऱ्याऐंशी गुण केले होते. कारण वहीतच होतं, त्याच्याच अक्षरात: तेव्हाचा कोच सामना हातात आला की मुख्य अकराजणांना बाकावर बसवायचा आणि धाकट्या पोरांना खेळवायचा, ज्यांच्या आया सप्टेंबरपासून वाट बघत असत. एकोणऐंशीचे मुख्य अकराजण शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात. मध्यंतरानंतर दोनशे सोळा गुण. बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी पाणी ओतल्यासारखे.

गाव याला स्ट्रान्स्कीची हाव म्हणायचं. एकोणऐंशीचा कोच स्ट्रान्स्की असा कसायासारखा खेळवायचा, असं अजून म्हणतं. पत्र्याच्या खोलीतून मैदानाकडेला तारेचा एक फोन जायचा, तो उचलून दर आठवड्याला खाली कोण बोलायचं, हे गावाला कधी विचारावंसं वाटलं नाही. "कोच, तालुक्याचा विक्रम दोन टचडाऊनवर आहे." "कोच, आणखी चाळीस यार्ड." तेहेतीस वर्षांच्या व्हर्लिनला मोठे आकडे आवडायचे. त्या दोनशे सोळांत स्ट्रान्स्कीचे किती आणि आपले किती, ही बेरीज त्यानं कधी मांडली नव्हती. आता ती आपोआप समोर आली.

गुरुवारी सकाळी, शाळेच्या दोन फेऱ्यांच्या मधे, लॉनी हावरानेक आला, एकोणऐंशीच्या संघात चेंडू घेऊन पळणारा, आता शाळेची बस चालवणारा. बस दारातच उभी केली होती. आधी डावा पाय, मग दाराची चौकट धरून उजवा.

"मी वशिला लावायला आलो नाही," म्हणत त्यानं खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाच्यांचा, डबा टेबलावर ठेवला.

"मग हे काय आहे?"

"हे माझ्या बहिणीनं केलेत. तिचा वशिला."

व्हर्लिनची बायको आर्लिस हसली. "लॉनी, गेल्या वर्षी तिनं चर्चच्या जत्रेत असेच दगड विकले होते."

"म्हणून तर घरातून बाहेर काढले, आर्लिसबाई."

तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "व्हर्लिन, किती वेळ लागतो हो? पाचशे सहा आणि चारशे दोन. हे माझ्या बसमधलं पहिलीतलं पोरगंही सांगेल."

"बघतोय अजून."

"बघा, बघा." त्यानं गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "मी रोज चार वेळा त्या टाकीखालून जातो. पोरं विचारतात, तुमचा पाय असा का? खेळताना मोडला म्हणतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या खेळात? शाळेतल्या फोटोत सगळा संघ करंडक धरून उभा आणि मी कडेला कुबड्यांवर. कुणाला वाटावं पाणी पाजणारा असेल. वर एकोणऐंशी असलं की नुसतं बोट दाखवीन. बास. बाकी मला काही नको."

व्हर्लिननं समोरची हिरवी वही मिटली.

"नाहीतरी दुसरं काय उरलंय? सत्तेचाळीस-शून्य असताना मला बाहेर बसवलं होतं. हेल्मेट काढून सूर्यफुलाच्या बिया खात होतो मी. आणि त्या स्ट्रान्स्कीनं परत आत घातलं. नाताळला दरवर्षी कार्ड यायचं त्याचं, माहितेय? चोवीस कार्डं. एकही फोडलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या बायकोनं फोन करून कळवलं. मी म्हटलं, बरं, आणि ठेवला."

व्हर्लिन उठला आणि भरलेल्या कपांत कॉफी ओतायला लागला. आर्लिसनं त्याचा हात धरला तेव्हा बशा भरल्या होत्या.

अकरा यार्ड. तेव्हा लॉनीचे दोनशे एकोणनव्वद झाले होते आणि एका सामन्यातला तालुक्याचा विक्रम तीनशेचा होता. "कोच, पोराला अकरा कमी आहेत," एवढंच व्हर्लिन फोनवर म्हणाला. खालून स्ट्रान्स्की म्हणाला, "राहू दे ना." आणि व्हर्लिन म्हणाला, "असा दिवस त्याला परत मिळणार नाही, कोच." पहिल्या धावेत नऊ यार्ड. दुसरीत चार, आणि चौघे त्याच्या गुडघ्यावर. व्हर्लिननं वहीत ३०२ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग मान वर करून पाहिलं. खेळायला बोलावणारी विद्यापीठांची पत्रं महिन्याभरात थांबली. विक्रम बारा वर्षांनी मोडला. मोडणारा आता विमा विकतो आणि त्याला स्वतःचे यार्ड आठवत नाहीत.

आठवडाभरानं स्ट्रान्स्की काट्यावर आला होता. म्हणाला, "आत मी पाठवलं. चूक माझी." व्हर्लिननं ते वाक्य इतक्या चटकन घेतलं, की समोरच्यानं ते दिलंय की विचारलंय हेही पाहिलं नाही. तीन हंगामांनी गावाच्या तिरक्या नजरांना कंटाळून स्ट्रान्स्की पश्चिमेकडे निघून गेला.

"सांगायचं होतंस," लॉनी गेल्यावर आर्लिस म्हणाली. तिला माहीत होतं. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

रविवारी जेवणघरात दीडशे माणसं होती. फादरही आले होते, मागे बसले. व्हर्लिननं कागद वाचला: पूर्ण सामन्यांत एकोणऐंशी वरचढ. टाळ्या. मग मध्यंतरापर्यंतचे आकडे. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"एक मिनिट!" एकोणऐंशीच्या संघात बचावाला असलेला ड्वेन सोउसेक उभा राहिला. बसला असतानाही तो उभाच वाटायचा. "व्हर्लिन, काट्यावर पण अर्धाच ट्रक तोलत होतात काय?"

हशा झाला. व्हर्लिन थांबला. "दोन्ही संघांचे मुख्य खेळाडू मैदानात होते तेवढाच वेळ मोजलाय. दोन हजार चारचे नंतर बसत. तुम्ही बसत नव्हतात."

"त्यात आमचा काय दोष? स्ट्रान्स्की बसू देत नव्हता! त्याची हाव सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

"हाव माझी होती," व्हर्लिन म्हणाला.

तिथं तो कागद ठेवून बोलला. फोनचं बोलला. अकरा यार्डांचं बोलला. स्ट्रान्स्कीचं "राहू दे ना" आणि त्यावर आपण काय म्हणालो, तेही. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे चौदा-चौदा यार्ड कमी केले, तो स्वतःचा हिशेब सांगताना सारखा अडखळत होता. "म्हणून दुसऱ्या भागाचे गुण मला धरता येत नाहीत. ते मी मागून घेतलेले आहेत. लॉनी, मी हे तुला गुरुवारी सांगायला हवं होतं. गुरुवारीही उशीरच होता."

लॉनी चौथ्या रांगेत होता. टेबलाला रेटा देऊन तो उठला. लोकांना वाटलं, आता हा बोलेल ते व्हर्लिनला जन्मभर पुरेल.

"तो म्हणाला होता? 'राहू दे' म्हणून?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

लॉनीनं मान हलवली. "कुठं पुरलंय त्याला?"

व्हर्लिननं तोंड उघडलं. टेबर क्रीकच्या प्रत्येक सामन्याचा आकडा त्याच्या डोक्यात होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "मीही गेलो नव्हतो."

लॉनी बाहेर गेला. दार त्यानं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

जनेलनं मतं मोजली. दोन हजार चारला बहुमत मिळालं. तिच्या नवऱ्यानं हात वर केला नव्हता. सोमवारी रंगारी शिडी लावून चढला.

मंगळवारी व्हर्लिननं कोलोरॅडोच्या सीमेजवळच्या तीन दफनभूमींना फोन केले. तिसरीकडची बाई म्हणाली, "नातेवाईक का?"

"नाही. मी त्यांच्या संघाचे आकडे ठेवायचो."

तिनं विभाग, ओळ आणि जागेचा क्रमांक सांगितला. त्यानं तो दोनदा विचारून चिठ्ठीवर लिहून घेतला.

बुधवारी सकाळी तो कोपऱ्यावर पोरांच्या मागे रांगेत उभा राहिला. बस आली, दार उघडलं, पोरं चढली. व्हर्लिननं पायरीवर पाय न ठेवता चिठ्ठी वर धरली. लॉनीनं ती घेतली, वाचली, खिशात घातली. त्यानं व्हर्लिनकडे पाहिलं नाही.

"मागे सरा," तो म्हणाला, "दार लागतंय."

व्हर्लिन मागे सरला.