व्याह्यांची भिंत

"खोली चौकोनी असो, तिरकी असो, नाहीतर माझ्या मेव्हण्याच्या डोक्यासारखी असो," मिस्त्री लेकीच्या सासऱ्यांना म्हणाला, "आपली फरशी सुतासारखी सरळ बसणार. बोट शिरेल एवढी फट दिसली, तर नाव बदलीन!"

दुपारपर्यंत त्या फटीत बोट काय, अख्खी मूठ शिरत होती.

त्या घरात एकही खोली दुसरीला विचारून बांधलेली नव्हती. माणसं वाढली तशा व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी भिंती घातल्या होत्या. खोलीच्या मध्यावर दोरी मारून काम धरायचं, हे मिस्त्री झोपेतही विसरला नसता. पण व्याही म्हणाले, "या भिंतीपासून धरा. मी बांधलीय. डोळे मिटून धरा."

व्याह्यांच्या भिंतीवर संशय घेणं म्हणजे त्यांनी वाढलेलं ताट हुंगून बघणं. मिस्त्रीने डोळे मिटून धरलं.

आता समोरच्या भिंतीपाशी एका टोकाला फट नावाला होती आणि दुसऱ्या टोकाला वीतभर. निळ्या नक्षीची रांग तर अशी तिरकी सुटली होती, की जणू तिला कुठेतरी पोचायला उशीर होत होता.

लेक चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"बाबा, ही नक्षी कुठे चाललीय?"

"हळू बोल. ऐकतील ते."

"ऐकू देत! फरशीखालचा मसाला ओला आहे तोवर सांगून टाका, भिंत वाकडी आहे म्हणून."

"मी सांगू? आणि मग तुला इथे कोण सुखाने राहू देईल?"

"नाही सांगितलं तर राहू देतील? तुम्ही जाल घरी. रोज झाडू मारताना 'तुझ्या बापाची फरशी' हे मलाच ऐकायचंय."

मिस्त्रीने चहा एका घोटात संपवला, जीभ पोळली. मग निळ्या नक्षीची उरलेली एकच अखंड फरशी दोन लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवून तो तिच्यावर तिरकी खूण करू लागला. तेवढ्यात व्याही आलेच.

"काय हो, हे शेवटाला काय झालं?"

"काही नाही, व्याहीबुवा. फरशी जरा ओढ घेतेय."

"ओढ घेतेय? बैल आहे का ती?"

"आजकालच्या घेतात."

"म्हणजे हात चुकला म्हणा की! असू दे. वय होतं माणसाचं."

मिस्त्रीचे कान तापले. हातातली पेन्सिल मोडता मोडता राहिली.

"हो," तो म्हणाला. "हात चुकला."

"हात नाही चुकला, मामंजी," लेक म्हणाली. "तुमची भिंत वाकडी आहे."

तिने बापाच्या पिशवीतून काटकोन बघायचा लोखंडी गुण्या काढला आणि सरळ कोपऱ्यात लावला. गुण्या आणि भिंत यांच्यामधून मुंगळा अंग न घासता गेला असता. व्याही उकिडवे बसले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लेकीने गुण्या हलू दिला नाही.

"हा गुण्या वाकडा आहे," व्याही म्हणाले.

व्याह्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. एकदा भिंतीकडे.

"उचला सगळ्या," ते म्हणाले. "दोरी मारून मधून धरा. असल्या गुण्यावर भरवसा नको."

आणि कंबरेवर हात ठेवून, उठून एक पाऊल मागे सरले. टाच पट्ट्यांवरच्या फरशीवर पडली. फरशीचे तीन तुकडे झाले. ती नक्षी आता बाजारात मिळत नाही.